पवारांच्या सासऱ्यांची गुगली

सात टेस्ट, बारा विकेट्स आणि ५९.७५ची सरासरी. आकडे बघून कुणीही पान उलटेल. थांबा जरा!

शरद पवारांचे सासरे टेस्ट क्रिकेटर होते, हे माहीत होतं तुम्हाला?

नव्हतं ना? नो टेन्शन. मी आमच्या फ्लोअरवर हाच प्रश्न टाकून पाहिला. एकीने ‘काहीही हं!’ म्हणून कॉफी मशीनकडे मोर्चा वळवला. एकाने मोबाइल काढून शोधाशोध सुरू केली. आमच्या टीममधला क्रिकेटचा चालताबोलता एन्सायक्लोपीडिया (प्रत्येक ऑफिसात असा एक असतोच) म्हणाला, ‘‘हो, कुणीतरी शिंदे. पण सोडून दे गं, अॅव्हरेज साठच्या आसपास आहे. फ्लॉप केस.’’

फ्लॉप केस! मी त्या क्षणी काही बोलले नाही. पण डोक्यात ते राहिलं. कारण हे नाव मी पहिल्यांदा कुठल्या वेबसाइटवर नाही, पळसदेवला मामाच्या ओट्यावर ऐकलं होतं.

पळसदेव म्हणजे पुणे-सोलापूर हायवेवर भिगवण सोडलं की इंदापूरच्या अलीकडे लागणारं गाव. तुम्ही सोलापूरला किंवा हैदराबादला गाडीने गेला असाल तर आमच्या गावावरून गेलाच आहात, फक्त तुम्हाला ते कळलं नसेल. उजव्या हाताला ऊस, डाव्या हाताला उजनीचं पाणी. जुनं पळसदेव त्या पाण्याखाली आहे. १९८० साली धरण पूर्ण झालं, गाव वर सरकलं आणि पळसनाथाचं जुनं देऊळ खाली राहिलं. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी फारच उतरलं की ते देऊळ वर येतं. २०२४च्या उन्हाळ्यात आलं होतं, तेव्हा पुण्याहून कॅमेरे गळ्यात घालून बरीच मंडळी आली होती.

तर मामा. मामाचं क्रिकेटवेड रेडिओच्या जमान्यातलं. आमचा अख्खा इंदापूर तालुका बारामती लोकसभेत येतो, त्यामुळे राजकारण हे इथे चहासोबत मिळतं, वेगळं मागावं लागत नाही. पण मामाची तऱ्हा निराळी. २००९ला सुप्रियाताई सुळे पहिल्यांदा लोकसभेला उभ्या राहिल्या, तेव्हा ओट्यावर कुणी म्हणालं, ‘साहेबांची लेक’. मामा म्हणाला, ‘‘साहेबांची लेक हाय ते समद्यांना म्हाईत. सदू शिंदेची नात हाय, ते कुणी सांगंना.’’

‘‘कोण सदू शिंदे, मामा?’’

‘‘काय गं पोरी, एवढी शिकलीस आन् सदू शिंदे म्हाईत न्हाय?’’

तेव्हा नव्हता. आता आहे. आणि फ्लॉप केस हा शब्द ऐकल्यावर तर पूर्ण केस फाइल तुमच्यापुढे ठेवायलाच हवी.

लॉर्ड्सवर एंट्री

पूर्ण नाव सदाशिव गणपतराव शिंदे. जन्म १८ ऑगस्ट १९२३, मुंबई. अंगाने उंच, सडपातळ. काम लेगस्पिन टाकायचं आणि मधूनच गुगली सोडायची. १९४०-४१च्या मोसमात, म्हणजे सतराव्या वर्षी, फर्स्ट क्लास क्रिकेट सुरू. सतराव्या वर्षी आपण काय करत होतो? बारावीच्या क्लासची फी आणि सीईटीची धास्ती. असो.

पुढे हा माणूस महाराष्ट्र, मुंबई आणि बडोदा अशा तिन्ही संघांकडून खेळला. एकूण ७९ फर्स्ट क्लास सामने, २३० विकेट्स. सरासरी साधारण ३२. आता यावर आमचा एन्सायक्लोपीडिया म्हणेल, ३२ म्हणजे काही ग्रेट नाही. पण त्या काळातलं आपल्याकडचं क्रिकेट कसं होतं, तेही बघा ना. डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ ठोकले. ब्रॅडमनच्या ४५२च्या विक्रमाला नऊच धावा कमी होत्या, तेवढ्यात काठियावाडने सामनाच सोडून दिला! (त्या निंबाळकरांना एकही अधिकृत टेस्ट मिळाली नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय.) त्याच मोसमात पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात रणजीची सेमीफायनल झाली. एका सामन्यात २३७६ धावा! त्याआधी १९४३-४४मध्ये विजय मर्चंट यांनी ब्रेबर्न स्टेडियमवर महाराष्ट्राला धू धू धुतलं आणि नाबाद ३५९ केले. मुंबईचा स्कोअर ७३५. त्या डावात महाराष्ट्राकडून पाच विकेट्स काढणारा गोलंदाज होता वीस वर्षांचा सदू शिंदे. १८६ धावा दिल्या, पण पाच काढल्या.

म्हणजे बॅट्समनसाठी सुगी आणि बोलरसाठी बारमाही दुष्काळ, असा सगळा मामला. अशा रानात ज्याने २३० विकेट्स पिकवल्या, तो काय साधा शेतकरी होता का? हा माझा नाही, मामाचा प्रश्न.

१९४६ला भारतीय संघ इंग्लंडला गेला. कॅप्टन थोरले नवाब पतौडी. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, देश अजून पारतंत्र्यात. २२ जून १९४६ रोजी लॉर्ड्सवर पहिली टेस्ट सुरू झाली आणि त्यात सदू शिंदेंनी पदार्पण केलं. वय २२. त्याच सामन्यात विजय हजारे, विनू मंकड आणि रुसी मोदी यांचंही पदार्पण होतं. पलीकडून अॅलेक बेडसरचंही! बेडसरने पहिल्याच टेस्टमध्ये ११ विकेट्स काढल्या आणि भारत दहा विकेट्सनी हरला.

पण एक गंमत सांगते. भारताचा पहिला डाव २००वर संपला, त्यातल्या शेवटच्या ४३ धावा रुसी मोदी आणि अकरा नंबरच्या शिंदेंनी जोडल्या. शिंदेंचा वाटा दहाचा. टेस्टमधली त्यांची सर्वोच्च धावसंख्या १४. तेव्हा बॅटिंगचं फार कौतुक नको, पण लॉर्ड्स, पहिला दिवस, समोर बेडसर आणि हा काटकुळा पोरगा टिकून उभा, हे चित्र मला आवडतं.

दिल्ली, नोव्हेंबर १९५१

आता येते ती टेस्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायचा.

भारत १९३२पासून टेस्ट खेळत होता. १९५१ उजाडलं तरी एकही टेस्ट जिंकलेला नव्हता. वीस टेस्ट आणि विजयाच्या रकान्यात भोपळा! एकविसावी टेस्ट दिल्लीच्या फिरोजशहा कोटलावर, इंग्लंडविरुद्ध, नोव्हेंबर १९५१मध्ये. कॅप्टन विजय हजारे. इंग्लंडची पहिली बॅटिंग.

शिंदेंनी ३५.३ षटकं टाकली, ९१ धावा दिल्या आणि सहा जणांना परत पाठवलं. इंग्लंड सर्वबाद २०३!

लेगस्पिन ही काय चीज आहे, हे ज्यांनी फक्त टीव्हीवर पाहिलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. चेंडू मनगटाने फिरवायचा. नेहमीचा चेंडू उजव्या बॅट्समनपासून बाहेर जातो. गुगली तशाच अॅक्शनमधून, पण हाताच्या मागच्या बाजूने सुटते आणि उलटी आत येते. बॅट्समन बाहेर बघतो, चेंडू आत शिरतो, स्टंप उडतो. ऐकायला झकास! पण मनगट जरा ढिलं पडलं की तोच चेंडू फुलटॉस होतो नाही तर अर्ध्या पिचवर पडतो, आणि मग चौकार. क्रिकेटमधलं सगळ्यात रिस्की जॉब प्रोफाइल आहे हे. त्यात तुमचा इन्सेंटिव्ह तुमच्या हातात नसतो. बॅट्समन चकला, कड लागली, पुढचं काम स्लिपमधल्याचं. त्याने झेल टाकला तर तुमच्या खात्यावर काय? शून्य.

पुढे भारताने ४१८ वर सहा असताना डाव घोषित केला. चाळिशीतले विजय मर्चंट १५४. भारतीयाने टेस्टमध्ये केलेली तेव्हाची सर्वाधिक धावसंख्या. ती मोडायला दुसरा कुणी फार लांबून आला नाही, त्याच डावात हजारेंनी नाबाद १६४ केले. मर्चंट यांची ती शेवटची टेस्ट. भारताची आघाडी २१५ धावांची. पहिला विजय अगदी समोर दिसत होता, हायवेवरून उजनीचं पाणी दिसावं तसा.

मग इंग्लंडचा दुसरा डाव. अॅलन वॉटकिन्स नावाचा एक वेल्सचा डावखुरा बॅट्समन खेळपट्टीवर आला आणि जणू तिथेच प्लॉट घेऊन राहिला. नऊ तास! नाबाद १३७. भारताच्या हातून झेल सुटत गेले, वेळ निसटत गेला. इंग्लंडने सहा बाद ३६८पर्यंत डाव खेचला आणि सामना अनिर्णित राहिला.

त्या डावात एका बाजूने विनू मंकड, दुसऱ्या बाजूने सदू शिंदे. मंकडची ७६ षटकं, शिंदेंची ७३. शिंदेंना १६२ धावांत दोन विकेट्स. सामन्यात एकूण आठ.

जरा कॅलक्युलेटर काढा. पहिल्या डावात ३५.३ आणि दुसऱ्या डावात ७३, म्हणजे १०८.३ षटकं. म्हणजे ६५१ चेंडू. ट्वेन्टी-ट्वेन्टीत एका बोलरचा कोटा २४ चेंडूंचा. या हिशोबाने सदू शिंदेंनी एका टेस्टमध्ये सत्तावीस ट्वेन्टी-ट्वेन्टी सामन्यांचं काम केलं! आयपीएलच्या लीगमध्ये एका संघाचे १४ सामने असतात, म्हणजे जवळजवळ दोन सीझन. तेही मनगटाने, तेही त्या शरीरयष्टीवर. दिवस संपल्यावर आइस बाथ नाही, फिजिओ नाही, प्रोटीन शेक नाही.

मी मामाला हा हिशोब सांगितला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘खांदा गेला आसंल गड्याचा.’’

आकड्याचं अप्रेझल

आता त्या ५९.७५कडे वळू. बारा विकेट्स गुणिले ५९.७५ म्हणजे टेस्ट कारकिर्दीत दिलेल्या धावा ७१७. त्यातल्या दिल्लीत २५३, आणि त्या बदल्यात आठ विकेट्स. म्हणजे दिल्लीची सरासरी ३२च्या आत. उरलेल्या सहा टेस्टमध्ये ४६४ धावा आणि चारच विकेट्स. सरासरी ११६!

तुम्ही म्हणाल, मग एन्सायक्लोपीडिया बरोबरच बोलला की. बाकी सहा टेस्ट फेल. मान्य. मी सदू शिंदेंना शेन वॉर्न म्हणत नाहीये. सहा टेस्टमध्ये त्यांचं काही जमलं नाही, हे स्कोअरकार्डात आहे आणि ते खोडता येणार नाही. टप्पा हातात राहिला नाही की लेगस्पिनर कसा महाग पडतो, ते त्या ४६४ धावा सांगतातच. माझं म्हणणं इतकंच आहे की ५९.७५ हा आकडा कुठल्याच सामन्याचा नाही. दिल्लीचा नाही, लॉर्ड्सचा नाही. तो सगळं एका मिक्सरमध्ये घालून काढलेला रस आहे. आपल्या कंपन्यांमध्ये वर्षअखेर ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’ असा शिक्का मारतात तसा. मार्चमध्ये तुम्ही रात्री जागून अख्खा रिलीज वाचवलेला असतो, पण तो शिक्का बघून ते कुणाला कळणार?

आणि झेल? सुटलेला झेल बोलरच्या रकान्यात कुठे लिहितात? कुठेच नाही. धावा मात्र पैशापैशाने लिहितात.

त्याच मालिकेत पुढे काय झालं ते बघा. डिसेंबर १९५१च्या अखेरीस कोलकात्याला सुभाष गुप्ते नावाच्या आणखी एका लेगस्पिनरने पदार्पण केलं. फेब्रुवारी १९५२मध्ये चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासला, पाचवी टेस्ट झाली. मंकडने पहिल्या डावात ५५ धावांत आठ विकेट्स काढल्या आणि भारताने आपली पहिलीवहिली टेस्ट जिंकली. पंचविसावी टेस्ट, वीस वर्षांची वाट! त्या अकरा जणांत सदू शिंदे नव्हते. तीन महिन्यांपूर्वी दिल्लीत ज्याने तो दरवाजा जवळजवळ उघडला होता, तो दरवाजा खरंच उघडला तेव्हा बाहेर होता. प्रोजेक्टची सगळी पायाभरणी तुम्ही करायची आणि गो-लाइव्हच्या दिवशी तुम्ही दुसऱ्या टीममध्ये. आलं लक्षात?

पुन्हा लॉर्ड्स

तरी १९५२च्या इंग्लंड दौऱ्यावर शिंदेंची निवड झाली, आणि यावेळी गुप्ते घरी राहिले. जूनमध्ये हेडिंग्लेची टेस्ट. हो, तीच ती! फ्रेड ट्रुमनचं पदार्पण आणि दुसऱ्या डावात भारत शून्यावर चार बाद. क्रिकेटच्या इतिहासातली ती ओळ अजूनही क्विझवाल्यांचं आवडतं खाद्य आहे. शिंदे त्या संघात होते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्यासारख्या पगारदार माणसांची गोष्ट आहे. त्या दौऱ्यावर विनू मंकड सुरुवातीला भारतीय संघात नव्हतेच. का? तर लँकेशायर लीगमधल्या हॅस्लिंग्डन क्लबने त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणून करार दिला होता. संघातल्या जागेची हमी भारतीय बोर्डाकडून मिळाली नाही, म्हणून त्यांनी तो करार घेतला. साधा हिशोब आहे. हातातली नोकरी सोडून ‘बघू’ असं म्हणणाऱ्याच्या मागे कोण जाईल? हेडिंग्लेला दाणादाण उडाल्यावर बोर्डाला जाग आली, क्लबकडे विनंती गेली आणि मंकड लॉर्ड्सच्या टेस्टसाठी संघात आले. आले ते असे आले की ७२ आणि १८४ धावा आणि एका डावात पाच विकेट्स. तरीही भारत हरलाच.

तेव्हाच्या भारतात क्रिकेटर ही नोकरी नव्हती. कुणाला संस्थानिकांचा आश्रय, कुणाला एखाद्या कंपनीत टेबल, आणि ज्याचं नाव मोठं त्याला उन्हाळ्यात इंग्लंडमधली लीग. हजारे, मंकड, पुढे गुप्ते, सगळे लँकेशायरमध्ये खेळले. आजचा जो पोरगा एका लिलावात कोट्यधीश होतो, त्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, काका, जोक मारताय का?

मंकडच्या त्याच लॉर्ड्स टेस्टमध्ये सदू शिंदेही खेळले. १९ जून १९५२ला ती सुरू झाली. ती त्यांची सातवी टेस्ट. आणि शेवटची. पहिली लॉर्ड्सवर, शेवटचीही लॉर्ड्सवर. वय तेव्हा २८, एकोणतीसही पूर्ण नाही.

पुढच्या वर्षी संघ वेस्ट इंडीजला गेला तेव्हा लेगस्पिनरची जागा गुप्तेंची झाली होती. त्यांनी त्या पाच टेस्टमध्ये २७ विकेट्स काढल्या आणि विषयच संपवला. गुप्ते पुढे ३६ टेस्ट खेळले, १४९ विकेट्स घेतल्या. जगातल्या सर्वोत्तम लेगस्पिनर्समध्ये त्यांचं नाव घेतात, आणि योग्यच घेतात. निवड समितीने चूक केली असं म्हणायला इथे जागा नाही. समोर गुप्ते असतील तर कुणीही गुप्तेंनाच घेईल, मीसुद्धा. पण तुमच्यापेक्षा भारी माणूस त्याच वेळी, त्याच शहरात, त्याच कामासाठी हजर असावा, यात तुमचा काय दोष? हा प्रश्न ज्याला कधीच पडला नाही, त्याने कुठल्या ऑफिसात काम केलं ते मला सांगा.

२२ जून

शिंदे थांबले नाहीत. टेस्ट संपल्या तरी १९५४-५५च्या मोसमापर्यंत फर्स्ट क्लास क्रिकेट खेळत राहिले. आणि मग टायफॉइड झाला.

२२ जून १९५५. मुंबई. सदू शिंदे गेले. वय ३१.

तारीख पुन्हा वाचा. २२ जून १९४६ला लॉर्ड्सवर पहिली टेस्ट सुरू झाली होती. बरोबर नऊ वर्षांनी, त्याच तारखेला.

मी या वर्षी एकतीस पूर्ण करतेय. आमच्या ग्रुपमध्ये या वयाला लोक फ्लॅटच्या ईएमआयवर बोलतात, ऑनसाइट कधी मिळणार यावर बोलतात, लग्न या विषयावर घरचे बोलतात आणि आपण विषय बदलतो. एकतिसाव्या वर्षी कुणाचं सगळं खेळून संपलेलं असेल, हे माझ्या डोक्यात शिरतच नाही. टायफॉइड! आज ज्याला आपण अँटिबायोटिकचा कोर्स करून आठवड्या-दोन आठवड्यांची सिक लीव्ह टाकतो, त्या आजाराने.

मागे तरुण पत्नी आणि वडिलांना जेमतेम ओळखायला लागलेली लहान लेकरं राहिली. त्यातली एक प्रतिभा. १ ऑगस्ट १९६७ला तिचं लग्न बारामतीच्या एका तरुण आमदाराशी झालं, जो त्याच वर्षी पहिल्यांदा विधानसभेत गेला होता. तो आमदार म्हणजे शरद पवार. पुढचं तुम्हाला पाठ आहे. २००१मध्ये ते मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झाले, २००५मध्ये बीसीसीआयचे, २०१०मध्ये आयसीसीचे. ज्या घरातला जावई जागतिक क्रिकेटच्या सर्वोच्च खुर्चीत बसला, त्या घरातल्या सासऱ्याला तो दिवस बघायला मिळाला असता तर ते ८६ वर्षांचे असते. अशक्य काही नव्हतं. निंबाळकर ९२ वर्षं जगले.

जावयाने सासऱ्याला खेळताना कधी पाहिलं नसणार. नातीने तर आजोबांना पाहिलंच नाही, त्या जन्मल्याच १९६९मध्ये. घराण्याची चर्चा करताना आपल्याकडे लोक सहकार, साखर कारखाने आणि पक्ष सांगतात. फिरोजशहा कोटलावरच्या सहा विकेट्स त्यात कुणी धरत नाही.

२०२०मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर पहिल्यांदा रणजी सामना झाला. महाराष्ट्र विरुद्ध उत्तराखंड. मामा एसटीने बघायला गेला होता. मी फोनवर विचारलं, ‘‘कशी होती मॅच, मामा?’’

‘‘बेस. पण लेगस्पिन टाकणारं कुणी बघावं म्हणून गेलो हुतो, तर समदे फास्टवालेच पळत हुते.’’

गेल्या वर्षभरात मी शिंदेंच्या सगळ्या स्कोअरकार्डांचे प्रिंटआउट काढून मामाला नेऊन दिलेत. ते त्याने एका जुन्या फाइलीत लावलेत, वर सातबाराचे उतारे आणि खाली १९५१ची दिल्ली टेस्ट. वॉटकिन्सचं नाव त्याला अजून नीट म्हणता येत नाही. ‘त्यो नऊ तासवाला’ म्हणतो. त्याच्यावर मामाचा राग आहे, वैयक्तिक म्हणावा इतका. झेल सोडणाऱ्यांवर मात्र नाही. ‘‘हातात बसत न्हाय कदी कदी, त्याला काय करनार,’’ म्हणतो. मला हे थोडं उलटं वाटतं, पण मामाशी वाद घालायचा नाही, हा आमच्याकडे नियम आहे.

आमच्या एन्सायक्लोपीडियालाही मी तोच संच मेल केला. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. एका ओळीचं. ‘६५१ बॉल??’ आणि पुढे काही नाही.

मागच्या महिन्यात गावी गेले होते. उजनीचं पाणी मागे सरकलं की काठावर भेगाळलेली, टणक, एकदम फ्लॅट जमीन उघडी पडते. पोरं तिथे टेनिस बॉलवर क्रिकेट खेळतात. मामा बांधावर बसून बघत होता, मी शेजारी. एक उंच, हाडकुळं पोरगं मनगट वाकडं करून स्पिन टाकत होतं. पहिला बॉल फुलटॉस, चार. दुसरा अर्ध्या पिचवर, सहा. तिसऱ्याला कड लागली आणि मागे उभ्या असलेल्या पोराच्या हातातून बॉल निसटून पाण्याच्या दिशेने गेला. कॅप्टन धावत आला आणि त्याने सरळ बॉल काढून घ्यायला हात पुढे केला.

‘‘ए बाब्या,’’ मामा बांधावरून ओरडला, ‘‘ऱ्हाऊ दे त्याला! आजून येक ओव्हर दे!’’